खाणीच्या गावातला सल्फर डायऑक्साइड: सरासरी नको, तासाचा आकडा बघा

प्रश्न, थोडक्यात: "आमचे जावई खाण अभियंता आहेत. त्यांना ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या माउंट आयझा या गावी जस्त-शिशाच्या खाणीत नोकरी लागली आहे. लेक आणि सहा वर्षांचा नातू जूनमध्ये जाणार. नातवाला दमा आहे, पुण्याच्या थंडीत त्याला पंप लागतोच. तिथल्या भट्ट्यांमधून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि वारा फिरला की गावात शिरतो, असं वाचलं. कंपनी आणि सरकार यावर नेमकं करतात काय? दिवसाची सरासरी मर्यादेत असली म्हणजे निर्धास्त राहायचं का? आणि खाणी तर आपल्या वाघोली-मोशीलाही आहेत, मग तिथे या वायूचं नाव कसं ऐकू येत नाही?" (कोथरूड, पुणे)

उत्तर:

शेवटचा प्रश्न आधी घेते, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल. वाघोली-मोशीच्या खाणी काळ्या दगडाच्या. त्या दगडात गंधक जवळजवळ नसतोच, आणि क्रशर दगड फक्त फोडतो, जाळत नाही. तिथल्या लोकांचा वैरी धूळ. माउंट आयझाचं खनिज सल्फाइडचं आहे. शिसं, जस्त, तांबं, तिन्ही धातू तिथे गंधकाला चिकटलेले असतात. तांब्याच्या चाल्कोपायराइट या खनिजात वजनाने ३५ टक्के गंधक, आणि तांबंही जवळपास तितकंच. धातू मोकळा करायचा तर गंधक जाळावा लागतो. एक टन गंधक जळला की दोन टन सल्फर डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे एक टन तांब्यामागे साधारण दोन टन वायू. हा वायू खाणीतून नव्हे, भट्टीतून येतो. तुमचे जावई जिथे काम करतील तिथे खाली याचा फारसा संबंध नाही. संबंध आहे तो त्या गावात भट्टी आणि वस्ती शेजारी-शेजारी असण्याशी. मध्ये लाइखार्ट नदी, तीही वर्षातला बराच काळ कोरडी. पश्चिमेला खाण आणि भट्ट्या, पूर्वेला गाव. १९२३ साली तिथे खनिज सापडलं आणि गाव खाणीसाठीच वसलं, त्यामुळे "कारखाना गावाबाहेर का नाही" या प्रश्नाला तिथे अर्थ उरत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सरासरीचा. यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण या वायूच्या बाबतीत सगळ्यात जास्त दिशाभूल इथेच होते आणि ती आपल्याकडेही रोज होते.

सल्फर डायऑक्साइड पाण्यात फार चटकन विरघळतो. शांत बसून नाकाने श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाकातला ओलावाच त्यातला बराचसा भाग शोषून घेतो. मूल धावायला लागलं की तोंडाने श्वास घेतं, मग तो अडसर उरत नाही आणि वायू थेट श्वासनलिकांपर्यंत पोचतो. दमा असलेल्या माणसाच्या नळ्या अशा वेळी पाच-दहा मिनिटांत आवळतात. व्यायाम करताना २०० ते ३०० पीपीबी (हवेच्या शंभर कोटी भागांत वायूचे तेवढे भाग) एवढं प्रमाण काही दमेकऱ्यांना पुरतं. निरोगी माणसाला त्याच्या कित्येक पट लागतं. त्रास मिनिटांत सुरू होतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत वायू ओसरल्यावर तासाभरात कमीही होतो. म्हणजे दम्यासाठी मोजायचा काळ मिनिटांचा आणि तासाचा. वर्षाचा नव्हे, दिवसाचाही नव्हे.

आणि आपण मोजतो काय? भारताच्या २००९ च्या मानकांत या वायूसाठी दोनच मर्यादा आहेत: २४ तासांची सरासरी ८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि वर्षाची ५०. तासाची मर्यादा नाहीच. मी चंद्रपूर भागात कामाला लागले तेव्हा गच्चीवर ठेवलेल्या सॅम्पलरला काचेच्या इम्पिंजर नळ्या जोडलेल्या असत. आत पाऱ्याच्या क्षाराचं द्रावण, भोवती बर्फ, आणि मिनिटाला लिटरभर हवा त्यातून बुडबुडत जायची. चार तासांनी नळी काढून झाकण लावायचं, वेळ लिहायची, दुसरी लावायची. प्रयोगशाळेत त्यात पॅरारोझॅनिलिन घातलं की जांभळट गुलाबी रंग येतो. रंग जितका गडद तितका वायू जास्त. पद्धत चांगली आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण त्या नळीत चार तासांचं सगळं एकत्र कालवलेलं असतं. दुपारी पाऊण वाजता वायूचा एकच लोळ येऊन गेला, की तो चार तास संथपणे येत होता, हे ती सांगू शकत नाही.

हिशोब करून बघा. समजा एका दिवशी २० मिनिटं हवेत १५०० मायक्रोग्रॅम वायू होता आणि उरलेला सगळा दिवस १०. हे उदाहरणापुरते आकडे. त्या २० मिनिटांत मैदानावर पळणाऱ्या दमेकरी पोराला धाप लागून खाली बसावं लागू शकतं. चार तासांच्या नळीत हा आकडा १३४ होईल. दिवसाची सरासरी? ३१. मर्यादा ८०. अहवालात लिहिलं जाईल, "हवा समाधानकारक." अहवाल खोटा नसतो, पण त्या पोराबद्दल त्यात काहीही नसतं.

म्हणून जगात ज्यांनी हा विषय नीट हाताळला त्यांनी काळ छोटा केला. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य दहा मिनिटांसाठी ५०० मायक्रोग्रॅम आहे, दिवसासाठी ४०. अमेरिकेने २०१० मध्ये तासाची मर्यादा ७५ पीपीबी केली, म्हणजे साधारण १९६ मायक्रोग्रॅम. ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय मानक पूर्वी तासाला २०० पीपीबी होतं, २०२१ मध्ये १०० झालं, २०२५ पासून ७५. (पीपीबीचे मायक्रोग्रॅम करायला २.६ ने गुणा, घरच्या हिशोबाला पुरे.) एक सावधगिरी: राष्ट्रीय मानक वेगळं आणि कंपनीच्या परवान्यातल्या अटी वेगळ्या. दोन्ही आकडे एकच असतील असं धरून चालू नका. जुन्या उद्योगांच्या परवान्यांत ढील असते.

तेव्हा लेकीला सांगा, दिवसाचा निर्देशांक बघून समाधान मानू नकोस. तिथे क्वीन्सलँड सरकारची मोजणी केंद्रं आहेत आणि त्यांचे तासाचे आकडे इंटरनेटवर उघडे असतात. मागच्या वर्षभरातले सगळ्यात वाईट तास कुठले, किती वाजता, कुठल्या महिन्यात, वारा कुठून होता, एवढं एकदा शांतपणे काढून ठेवलं की त्या गावाचा स्वभाव कळतो.

कंपन्या काय करतात? तीन गोष्टी. तिन्हींची योग्यता सारखी नाही.

पहिली, उंच चिमणी. माउंट आयझाला शिशाच्या भट्टीची चिमणी २७० मीटरची आहे, १९७८ मधली. कॅनडातल्या सडबरीला निकेल-तांब्याच्या भट्ट्यांसाठी १९७२ मध्ये ३८१ मीटरची बांधली. त्याने सडबरी गावातली हवा खरंच सुधारली. पण वायू नाहीसा झाला नाही, लांब गेला. दूरवरची तळी आम्लाने मरत राहिली, आणि शेवटी भट्ट्याच बदलून वायू पकडावा लागला तेव्हा कुठे उत्सर्जन ९० टक्क्यांहून जास्त उतरलं. ती चिमणी २०२० मध्ये बंद केली. आपल्या नियमांतही चिमणीची उंची काढायचं सूत्र आहे: ताशी किती किलो वायू सुटतो त्या आकड्याचा ०.३ घात, गुणिले १४. ताशी १००० किलोला साधारण १११ मीटर येतात. हे सूत्र शेजाऱ्याचं रक्षण करतं, जिल्ह्याचं नाही.

दुसरी, वारा बघून भट्टी चालवणं. याचा उगम कॅनडातल्याच ट्रेल गावी. तिथल्या भट्टीचा धूर सीमेपलीकडे अमेरिकेतल्या शेतांवर जायचा, वाद लवादापुढे गेला, आणि १९४१ च्या निवाड्यात ऋतू, वाऱ्याची दिशा आणि हवेची खळबळ बघून ताशी किती वायू सोडायचा याचं कोष्टकच घालून दिलं. माउंट आयझाला हेच तत्त्व वापरतात. वारा गावाकडे वळणार असं दिसलं की भट्टीचा खुराक कमी करायचा किंवा बंद करायचा. तिथला वारा बहुतेक काळ आग्नेयेकडून असतो, धूर गावापासून लांब नेणारा. त्रास पश्चिमेचा-वायव्येचा वारा सुटला की.

इथे गणित वेळेचं आहे. वारा सेकंदाला तीन मीटर असेल आणि वस्ती भट्टीपासून दोन किलोमीटरवर, तर वायू अकरा मिनिटांत पोचतो. गावातल्या यंत्रावर आकडा चढलेला दिसला म्हणजे मधल्या दोन किलोमीटरभर वायू आधीच पसरलेला आहे. त्या क्षणी भट्टी बंद केली तरी तेवढा गावात येणारच. त्यामुळे ही पद्धत यंत्राकडे बघून चालवायची नसते, अंदाजाकडे बघून चालवायची असते. चांगला चालक आकडा चढायच्या आधी भट्टी खाली घेतो. तसं करायला वरिष्ठांची हिंमत लागते, कारण बंद भट्टीचा प्रत्येक तास पैशात मोजला जातो. ज्या कारखान्यात भट्टी थांबवायचा निर्णय पाळीवरच्या माणसाच्या हातात असतो तिथली हवा चांगली असते. जिथे त्यासाठी फोन करून परवानगी मागावी लागते तिथे नसते. हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे, आणि कुठल्याही कारखान्याची पाहणी करताना मी हाच प्रश्न पहिला विचारते.

हवेचा अंदाज म्हणजे काय, हे तुम्हाला पुण्यातच दिसतं. डिसेंबरात सकाळी वेताळ टेकडीवर जा. खाली शहरावर करडा पट्टा आडवा पसरलेला, वर स्वच्छ निळं. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवा गार आणि वरची उबदार, त्यामुळे खालची हवा वर चढत नाही. आता भट्टीची चिमणी या थराच्याही वर धूर सोडते असं समजा. रात्रभर तो वर तरंगत राहतो, गावात कुणाला वासही येत नाही. सूर्य चढला, जमीन तापली, की खालची हवा घुसळायला लागते, ती घुसळण धुराच्या उंचीला पोचते आणि वरचं सगळं अर्ध्या-पाऊण तासात खाली उतरतं. वेळ कुठली? सकाळची, शाळा भरायच्या आसपासची. दुसरा प्रकार भर दुपारचा. कडक उन्हात हवेचे मोठे भोवरे उठतात आणि उंच चिमणीचा धूरही मधूनमधून जमिनीला टेकवून जातात, काही मिनिटं इथे, काही मिनिटं तिथे. म्हणून एका मोहल्ल्यात लोक खोकतात आणि पलीकडच्या गल्लीत कुणाला पत्ता नसतो.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते खरा उपाय हाच: वायू पकडून त्याचं सल्फ्युरिक ॲसिड करणं. व्हॅनेडियम पेंटॉक्साइडच्या उत्प्रेरकावरून ४०० अंशांच्या वर तापलेला वायू नेला की त्याचा सल्फर ट्रायऑक्साइड होतो, त्याचं ॲसिड. दोनदा शोषण करणारा आधुनिक संयंत्र ९९.७ टक्क्यांपर्यंत वायू पकडतो. एक टन वायूपासून दीड टन ॲसिड. अडचण अशी की जुन्या भट्ट्यांचा वायू पातळ असायचा, एक-दोन टक्के, त्यावर ॲसिड संयंत्र स्वतःच्या उष्णतेवर चालत नाही. ऑक्सिजन देऊन चालणाऱ्या भट्ट्या आल्या आणि वायू दाट झाला. त्यातली एक भट्टी माउंट आयझालाच विकसित झाली, आयझास्मेल्ट. तीच पुढे आपल्या तुतिकोरिनलाही बसवली गेली. माउंट आयझाच्या तांब्याच्या भट्टीला १९९९ मध्ये ॲसिड संयंत्र जोडला आणि ते ॲसिड फॉस्फेट खतासाठी जाऊ लागलं. ॲसिड कुणीतरी विकत घ्यावं लागतं, साठवायची जागा मर्यादित असते. खताचा कारखाना अडला की ॲसिडच्या टाक्या भरतात, आणि मग प्रश्न भट्टीपर्यंत येतो. गावाची हवा अशी खताच्या बाजाराला बांधलेली असते.

ॲसिड संयंत्र आहे म्हणून काम झालं असंही नाही. दोन जागा कायम बघाव्या लागतात. एक, सुरू करण्याची आणि बंद पडण्याची वेळ. उत्प्रेरक थंड असताना वायू न बदलता पुढे जातो. दुसरी जागा कन्व्हर्टरच्या, म्हणजे उरलेला गंधक हवा फुंकून जाळणाऱ्या पात्राच्या तोंडाशी. वितळलेला मॅट (गंधक उरलेला अर्धवट शुद्ध धातू) ओतताना झाकण बाजूला सरतं, निळसर धूर छताकडे उठतो आणि छपराच्या फटींतून बाहेर जातो. चिमणीच्या यंत्रात त्याची नोंद नाही. तो कमी उंचीवरून सुटतो, म्हणून शेजारच्या वस्तीला चिमणीतल्या कितीतरी जास्त वायूपेक्षा हा थोडा वायू जड जातो. चिमणीचे आकडे उत्तम आणि लोक खोकतायत, अशी तक्रार आली की मी आधी छपराकडे बघते.

जुलै २०२५ मध्ये माउंट आयझाची भूमिगत तांब्याची खाण बंद झाली. जस्त-शिशाचं काम चालू आहे. त्यामुळे जुन्या वर्षांचे आकडे जसेच्या तसे पुढे लागू करू नका, ताजे बघा.

नातवासाठी काय करायचं ते सांगते. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. मी हवेची बाजू सांगते आहे.

जाण्याआधी बालदमातज्ज्ञांना स्पष्ट सांगा की मुलगा स्मेल्टरच्या, म्हणजे धातूच्या भट्टीच्या गावी जातोय. रोजचं औषध आणि त्रासातलं औषध वेगळं असतं, आणि पुष्कळ घरांत त्रासातला निळा पंप तेवढा वापरतात, रोजचा विसरतात. दमा ताब्यात असलेल्या मुलाला या वायूचा झटका कमी बसतो का, किती कमी बसतो, खेळायच्या आधी पंप द्यायचा का, हे त्यांच्याकडून लिहून घ्या आणि तो कागद इंग्रजीत शाळेला द्या. शाळेला विचारा, वायू वाढल्याचं तुम्हाला कोण कळवतं आणि कळल्यावर मुलांना आत घेता का.

वासावर विसंबू नका. विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा उग्र दर्प आणि घशात आंबट चव, ही याची खूण. पण बहुतेकांना ती ३०० ते ५०० पीपीबीच्या पुढेच जाणवते. दमेकरी मुलाची छाती त्याआधीच आवळलेली असू शकते. भट्टीवरच्या जुन्या माणसांना तर सवय होऊन जाते. "आज काही नाही हो" हे त्यांचं म्हणणं प्रामाणिक असतं, पण उपयोगाचं नसतं.

कोविडच्या वेळचे एन-९५ मास्क नेऊ नका, निदान यासाठी नको. ते कण अडवतात, वायू अडवत नाहीत. घरातलं हवा शुद्ध करणारं यंत्रही नुसत्या हेपा फिल्टरचं (कण गाळणाऱ्या जाळीचं) असेल तर बिनकामाचं. कोळशाचा जाड थर असेल तरच थोडा उपयोग. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे खिडक्या लावून आत बसणं, कारण लोळ तास-दोन तासांत सरतो. मात्र कोरड्या हवेच्या गावांत घरोघरी डेझर्ट कूलर असतात आणि कूलर बाहेरची हवा आत ओढतो. वायू असताना तो बंद. आतलीच हवा फिरवणारा एसी चालेल. लोळ गेला की लगेच सगळं उघडून टाकायचं, नाहीतर आत शिरलेलं आतच राहतं.

तुम्ही विचारलं नाहीत तरी शिशाबद्दल सांगणं भाग आहे. शिशाच्या गावात लहान मुलांच्या बाबतीत मला वायूइतकीच धुळीची काळजी वाटते. वायूचा त्रास दिसतो, शिशाचा दिसत नाही. ऑस्ट्रेलियात रक्तातलं शिसं डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की कारण शोधायला सांगतात. पोचल्यावर नातवाची एकदा रक्ततपासणी, मग ठरावीक काळाने पुन्हा. जावयांचे कामाचे कपडे-बूट घरात येऊ नयेत. फरशी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जेवणाआधी हात धुणं आपल्याकडे सांगावं लागत नाही, तिथे ते मोडू देऊ नका.

आपल्या चंद्रपूरबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. तिथे अशी सल्फाइडची भट्टी नाही, पण कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र गावाला लागून आहे. आपल्या कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का, तरी एका टनामागे दहा किलो वायू होतोच, आणि मोठं केंद्र दिवसाला हजारो टन कोळसा जाळतं. डिसेंबर २०१५ मध्ये वीज केंद्रांना या वायूची मर्यादा घातली गेली, मुदती वाढत राहिल्या, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना चुनखडीने वायू धुणाऱ्या संयंत्रातून सूट मिळाली. अतिप्रदूषित भागांजवळच्या केंद्रांचा निर्णय प्रत्येकाचा स्वतंत्रपणे व्हायचा आहे. सूट देण्यामागे एक युक्तिवाद असा की शहरांतल्या हवेत या वायूची सरासरी मर्यादेतच आहे. सरासरीचं काय होतं ते वर पाहिलंच. शिवाय हवेत दिवस-दोन दिवसांत या वायूचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात आणि ते पीएम२.५ मध्ये मोजले जातात, वायूच्या खात्यात नाही. चंद्रपूरला ती सूट मिळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता, न्यावं की नाही? मुलाचा दमा औषधाने ताब्यात असेल, गेल्या वर्षात दवाखान्यात भरती करावं लागलं नसेल, तर मी त्याला जाऊ देईन. हजारो मुलं त्या गावात वाढली आहेत. भरती करावं लागलं असेल तर मात्र जावयांनी आधी जावं, तीन-चार महिने तासाचे आकडे बघावेत, आणि भाड्याचं घर ठरवताना नदीच्या पूर्वेला किती लांब आणि वाऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे ते नकाशावर बघून मगच करारावर सही करावी. कंपनी राहायला देत असलेलं घर फुकट असलं तरी हे बघायचंच.